जांभळी काच

गोकुळचा पाण्याचा एकही नमुना कीटकनाशकाशिवाय निघेना. पोरगा पीएचडीसाठी आकडे रचतोय, असा त्याच्या मार्गदर्शक पद्मजा मॅडमना संशय होता. कीटकनाशक चिकटलं तरच काचेवरचा सोन्याच्या सूक्ष्मकणांचा गुलाबी थर जांभळा व्हायचा. आज त्यांनी स्वतः सीलबंद बाटलीतलं शुद्ध पाणी काचेवर टाकलं. गोकुळ नेहमीसारखी काच धुऊन घेऊन आला, तर ती जांभळी.

"बेसिनवर काय केलंस?"

"धुतली, मॅडम."

"कशानं?"

"टँकरच्या पाण्यानं. नळालाच पाणी नाय, शुद्ध पाण्याचं यंत्र बंदच हाये."

"टँकर कुठं भरतात?"

"कपाशीच्या रानातल्या विहिरीवर. तुम्हाला मी लबाड वाटलो, व्हय ना?"

मॅडमच्या टेबलावरचा तांब्या त्याच टँकरच्या पाण्यानं भरलेला होता, आणि सकाळपासून पिऊन अर्धा झाला होता.