माफीनंतरची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. दुबईत, अल मनखूलमधल्या एका घरात, खिडकीखालच्या खणात, बिनकामाच्या किल्ल्या आणि संपलेल्या सेलांच्या संगतीत माझे दिवस चालले आहेत. पोटातली बुचाची गोळी झिजून मुगाएवढी झाली आहे. घरातली मुलं कधीमधी खण उघडतात, मला उचलून "व्हॉट इज धिस?" असं एकमेकांना विचारतात आणि उत्तराची वाट न बघता परत टाकून देतात. मित्रांनो, विचारलंच आहे, तर उत्तर मी तुम्हाला देते.

माझा जन्म मुंबईचा. पितळेच्या पत्र्यातून मला कापलं, वाकवलं, डाख लावून जोडलं आणि घासून असं लख्ख केलं की माझी मलाच मोठी ऐट वाटू लागली. दुबईच्या आगबोटीत चढण्याआधी रत्नागिरीकडच्या खैरुद्दीन नावाच्या माणसाने मला विकत घेतलं. त्याचं अर्धं आयुष्य समुद्रावर गेलं होतं. आता तो दुबईच्या खाडीवर, धक्क्यावरचा मुकादम म्हणून चालला होता.

मोठी जहाजं तेव्हा खाडीत शिरत नसत. बाहेर नांगर टाकून उभी राहायची आणि माल बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या होड्यांतून, धक्क्यावर यायचा. यारीने, म्हणजे क्रेनने, तो उचलायचा, खाली माणसं उभी, वर सिमेंटच्या गोण्यांचं जाळं झुलतंय. ते वेडंवाकडं झुलायला लागलं की खैरुद्दीन मला तोंडात धरून लांब फुंकर मारायचा. मग यारीवाला असो, हमाल असो की टोपीवाला गोरा साहेब, जो तो जागच्या जागी थांबे. का वाजली, कोणासाठी वाजली, असं कोणी विचारत नसे. आधी थांबायचं, मग बोलायचं. त्या धक्क्यावर मला जो मान मिळाला, तो पुढे कुठे मिळाला नाही.

शुक्रवारी मात्र माझं काम वेगळं असायचं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर बर दुबई वस्तीच्या मागच्या रेताड मैदानावर फुटबॉलचे सामने होत आणि खैरुद्दीन तिथे पंच असे. ही एकोणीसशे चौसष्ट सालची गोष्ट. कंपन्यांना तेव्हा खेळाचं भलतंच वेड लागलं होतं. चांगला खेळणारा दिसला की त्याला नोकरी द्यायची, हजेरी गोदामात लावायची आणि खरं काम मैदानात घ्यायचं. खेळावरच पोट असलं की खेळ जरा जास्तच अंगावर येतो.

लाल-पिवळी कार्डं तेव्हा नव्हती; पंच तोंडाने 'बाहेर' म्हणू शके, पण तसं कोणी म्हणत नसे. खेळाडू जखमी झाला तर त्याच्या जागी दुसरा उतरवायचीही सोय नव्हती. समोरच्या संघातला चांगला गडी लोळवला की ते दहाच उरले, आणि लोळवणाऱ्याविरुद्ध फार तर एक फ्री किक. माझ्या पितळी डोक्यालाही हे बरोबर वाटत नसे.

त्यात आपल्या कोकणी माणसांनी एक रीत पाडली होती. कोणी कोणाला जोरात मारलं की मारणाऱ्याने पडलेल्याला हात देऊन उभं करायचं, छातीशी धरायचं, पडलेल्याने "माफ केलं" म्हणायचं, की खलास. लोक टाळ्या पिटत. परक्या मुलखात आपसात वैर नको, म्हणून ही रीत. हेतू चांगलाच होता. पण गळाभेट झाल्यावर शिक्षा करणं म्हणजे माफीचा अपमान, असं सगळे मानत, आणि खैरुद्दीनही मानत असे.

गनी हा एका मालवाहू कंपनीच्या संघाचा बचावपटू. धिप्पाड, देखणा, आणि खैरुद्दीनचा जावई. त्याच्या लेकीचं, साजिदाचं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दर शुक्रवारी दुपारी तो सासुरवाडीला जेवायला येई. सुरमईची मधली तुकडी त्याच्या ताटात पडे, आणि खैरुद्दीनसारखा कडक माणूस त्याला "गनीमियाँ, अजून घ्या" असं म्हणत राही. मी भिंतीवरच्या खिळ्याला लटकून हे सगळं बघत असे.

त्या शुक्रवारीही तो जेवून उठला आणि सासरे-जावई बरोबरच मैदानावर गेले. समोरच्या संघात लियाकत होता. दाभोळचा, अंगाने काटकुळा, पण चेंडू घेऊन सुटला की हाती लागायचा नाही. दोन वेळा त्याने गनीला चकवलं आणि लोक हसले. तिसऱ्यांदा लियाकत जवळून निघाला तेव्हा चेंडू केव्हाच पुढे गेला होता. तरी गनीने दोन्ही पाय उचलून त्याच्या अंगावर उडी घेतली. लियाकत खांद्यावर आपटला. रेतीत तो आवाज मला ऐकू आला, आणि तसा आवाज मी धक्क्यावरही कधी ऐकला नव्हता.

मी वाजले. खेळ थांबला. गनी रीतीप्रमाणे धावत गेला. लियाकत "नको, नको" म्हणत होता, पण ते लाजण्याचं समजून गनीने त्याच्या बगलेत हात घालून त्याला उचललं आणि घट्ट मिठीत घेतलं.

मित्रांनो, लियाकत असा किंचाळला की मी शिट्टी असून हादरले. मानेखालचं मोडलेलं हाड त्या मिठीने कातडी फाडून बाहेर आलं होतं. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त पसरत होतं आणि लांबवरचे लोक गळाभेट बघून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या मी आजही विसरू शकत नाही. किती वेळ वाजत राहिल्या त्या. दात आवळून लियाकत म्हणाला, "माफ केलं, गनीभाई," आणि गनीच्याच खांद्यावर बेशुद्ध पडला.

त्याला जीपमधून इस्पितळात नेलं.  शेवटी लियाकतचा कप्तान हमदुल्ला पुढे आला. "मुकादम, माफी हो गयी. आम्ही दहा जण खेळतो. यल्ला, चला, गेम चालू करा."

खैरुद्दीन गनीसमोर जाऊन उभा राहिला.  तो म्हणाला, "माफी लियाकतने दिली. ती त्याची. शिक्षा माझ्याकडे आहे. गनीमियाँ, तुम्ही बाहेर व्हा."

गनीला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना. सासऱ्याला तो मामू म्हणत असे. "मामू, तो माफ बोलला. सगळ्यांनी ऐकलं."

"मीपण ऐकलं. बाहेर व्हा."

सासऱ्याने जावयाला, चारचौघांत. गनी बुटांखालची रेती तुडवत निघाला. जाताना त्याने वळून सासऱ्याकडे पाहिलं. रागापेक्षा त्या नजरेत धक्काच जास्त होता, आणि खैरुद्दीनच्या नजरेतही.

घरी खैरुद्दीनच्या बायकोने, मैमुनाबीने, कपाळाला हात लावला. "साजिदाचे अब्बा, घरात बोलावून समजावलं असतं. जावयाची इज्जत रेतीत घातलीत."

"घरात समजावून लियाकतचं हाड आत गेलं असतं?"

दोन दिवसांनी साजिदा आली. डोळे सुजलेले. "अब्बा, ते म्हणतात, या घराची पायरी चढणार नाही. मलापण नको म्हणाले. तुम्ही ग्राउंडवर एकदा सॉरी बोला ना सगळ्यांसमोर. मग मला परत येता येईल."

खैरुद्दीनला ही एकुलती एक लेक.  त्याने खिळ्यावर लटकणाऱ्या माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "धक्क्यावर माणसाच्या डोक्यावर बोजा आला की मी शिट्टी मारतो, बेटी. खाली कोण उभा आहे नि वर कोण आहे, ते बघत नाही. मैदानात इतके दिवस बघत होतो. सॉरी बोलायचंच तर ते लियाकतला बोलेन." साजिदा गेली. पुढच्या शुक्रवारी सुरमईची तुकडी कोणीच खाल्ली नाही.

पुढच्या सामन्याआधी त्याने दोन्ही संघांना उभं करून सांगितलं, "यापुढे आधी बाहेर, मग गळाभेट. आणि पडलेल्याला कोणी हात लावायचा नाही." काही जण हसले. कंपनीच्या माणसांनी दुसरा पंच शोधून पाहिला. पण धावायला आणि शिव्या खायला तयार असा दुसरा कोणी मिळेना, म्हणून मी टिकले.

लियाकतचा हात पुढे खांद्याच्या वर कधी गेला नाही. त्याच्याच संघातला त्याचा जिवलग मित्र बदरुद्दीन चहाच्या दुकानात उघड बोलू लागला, की गनीचा गुडघा एकदा तरी फोडणार. हे खैरुद्दीनच्याही कानावर गेलं.

महिन्याभराने गनी आणि बदरुद्दीन मैदानावर समोरासमोर आले. सबंध सामना खैरुद्दीन चेंडूकडे कमी आणि बदरुद्दीनच्या पायांकडे जास्त बघत होता. आणि ती वेळ आली. गनीची नजर वर उंच गेलेल्या चेंडूवर होती. बदरुद्दीन बाजूने धावत आला, पाय वर उचलला, बुटाचा तळ सरळ गनीच्या गुडघ्याच्या रोखाने. खैरुद्दीनने मला ओठांत धरलं. बदरुद्दीनने ते पाहिलं. ज्या माणसाने स्वतःचा जावई सोडला नाही, तो आपल्याला काय सोडणार, हे त्याच्या चेहऱ्यावर मी वाचलं. त्याने पाय ओढून घेतला, तोल गेला आणि तोच रेतीत तोंडावर पडला. गनी चेंडू घेऊन पुढे निघून गेला. मागे काय झालं असतं, याचा त्याला पत्ताही नव्हता. मी वाजलेच नाही. टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत.

मित्रांनो, पुढे चांगल्या शिट्ट्या आल्या, कार्डं आली, पंचांना रंगीत सदरे आले. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुम्ही खेळा, जीव तोडून खेळा. फक्त समोर धावणाऱ्याची हाडं तुमच्याच हाडांइतकी कच्ची आहेत, एवढं ध्यानात ठेवा. आणि कोणी शिट्टी मारून तुम्हाला थांबवलं, तर त्याच्यावर चिडण्याआधी जरा थांबा. माफी मोठी गोष्ट आहे, पण ती हाड मोडल्यानंतर येते.

त्या सामन्याच्या संध्याकाळी गनी सासऱ्याच्या समोरून गेला. सलाम केला नाही, मान वळवली नाही. खैरुद्दीनने घरी येऊन मला खिळ्यावर अडकवलं. मैमुनाबी दारातच वाट बघत होती.

"जावई भेटले? काही बोलले?"

"नाही."

"सलामपण नाही?"

"नाही," खैरुद्दीन म्हणाला. "पण दोन्ही पायांनी चालत घरी गेले, मैमुना."