अठ्ठावन्न टाचण्यांचं आडनाव

मी एक जुना नकाशा आहे मित्रांनो, आणि दमलेला आहे. भिंतीवर नुसतं लटकायचं त्यात दमायचं काय, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या अंगात कोणी एकशे नऊ जागी टाचणी खुपसू दे, मग बोलू.

माझा जन्म छापखान्यातला. एकदा निळ्या शाईसाठी, एकदा तांबड्या, एकदा काळ्या, असा तीनदा मी यंत्राखालून गेलो. शहरं तांबडी, सडका काळ्या, पाणी निळं. नद्या जाड काढल्या होत्या. एक कालवाही होता, पण तो काढेपर्यंत आखणी करणारा कंटाळला असावा. केसाएवढी रेघ ओढून मोकळा झाला. मग बांधणीवाल्याने खळ लावून मला जाड, मऊ पुठ्ठ्यावर चिकटवलं, वर पितळी कडी ठोकली आणि मी टपाल कचेरीच्या भिंतीवर चढलो.

ती माझी चांगली वर्षं. माझ्यासमोर पत्रांच्या छाटणीचं लांब टेबल आणि एकशे चाळीस कप्पे. पोतं उघडलं की पत्रांचा ढीग पडायचा आणि छाटणी करणाऱ्यांचे हात सुरू व्हायचे. कोणतं गाव कोणत्या कचेरीच्या पोत्यात टाकायचं, हे नवा माणूस माझ्याकडे बघून शिकायचा. पोस्टमास्तर म्हणायचे, "या खोलीत एकच हुशार आहे आणि तो भिंतीवर आहे." अशी स्तुती झाली की पुठ्ठ्यालाही ऊब येते.

पुढे नवा, चकचकीत नकाशा आला आणि मी कपाटामागे गेलो. कामाचा होता तोवर मामा. तुमच्या जगाची रीतच ती. तिथून मला एका तरण्या छाटणीवाल्याने सायकलला बांधून घरी नेलं. पुढे त्याला सगळे टपालतात्या म्हणू लागले, म्हणून मीही तात्याच म्हणतो.

तात्याला मी का हवा होतो? त्याच्या आडनावासाठी. ते आडनाव अख्ख्या गावात एकाच घराचं. शाळेत हजेरी घेताना मास्तर तिथे अडखळायचे आणि वर्ग हसायचा. आडनाव कोणतं, ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही सगळ्यांत आधी तेच कराल जे सगळे करतात. माणूस वरचा की खालचा, त्याला खुर्ची द्यायची की उभा ठेवायचा, ते मनातल्या मनात ठरवून टाकाल. मग माझी गोष्ट तुमच्या कानात शिरायचीच नाही.

तर एके दिवशी छाटणी करताना तात्याच्या हातात एक कार्ड आलं. पत्त्यात त्याचंच आडनाव, माणूस अनोळखी, गाव दूरचं. तो कार्ड हातात धरून इतका वेळ उभा राहिला की मागचा म्हणाला, "काय रे, सासरचं आहे का?" त्या संध्याकाळी माझ्या अंगात पहिली टाचणी गेली.

मग नादच लागला. बत्तीस वर्षांत एकावन्न पत्ते हाताखालून गेले आणि एकावन्न टाचण्या मला टोचल्या. प्रत्येकाला तात्या पत्र लिहायचा : आपलं आडनाव एक आहे, तुमचं मूळ कुठलं? कोणी लिहायचं, 'माहीत नाही, वडील म्हणायचे खालून आलो.' कोणी लिहायचं, 'तुम्हाला काय करायचंय?' एकाने तर लिहिलं, 'तुम्ही आधी आमचं काय लागता ते कळवा, मग बोलू.' ते कार्ड तात्याने जपून ठेवलं. त्यालाही तेच तर हवं होतं. आपण कोणाचे, एवढंच.

टाचण्या नऊ शहरांभोवती गोळा झाल्या. एकावन्नपैकी एकोणीस एकाच शहरावर, आणि त्या शहरात एक पडका किल्ला.

तात्या निवृत्त झाला त्या वर्षी एक पाहुणा आला. फरशीच्या कारखान्याचा मालक, आडनाव तेच. माझ्यापुढे हात मागे बांधून उभा राहिला, किल्ल्यापाशी बोट ठेवलं आणि म्हणाला, "झालं! आपण किल्लेदार. रक्तातच आहे हो, मला लहानपणापासून वाटायचं."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण खोटं कशाला बोलू, तात्यालाही ते गोड लागलं. जन्मभर ज्या आडनावाला वर्ग हसला, त्याच्यामागे एकदम किल्ला उभा राहिला. कोणाला नको असतं? लगेच कुलमंडळ निघालं, कारखानदार त्याचे अध्यक्ष झाले, मेळावा ठरला आणि कुळाचा ग्रंथ लिहायला घेतला. ग्रंथात मी येणार होतो, रंगीत, दोन पानं भरून. मीही जरा फुगलोच होतो, कबूल करतो.

तात्याची लेक विजेची मीटरं वाचायची. दिवसाला दोनशे घरं, पायी. एका दुपारी ती चहा पिता पिता माझ्यापुढे थांबली.

"बाबा, ही टाचणी चुकली. या घरी मी गेलेय. ती माणसं या शहरात राहत नाहीत."

"अगं, त्यांचं टपाल तिथेच जातं. माझ्या हाताने टाकलंय मी."

"टपाल जातं हो. माणसं तिथून चार तासांवर आहेत. कालव्याच्या कडेला."

तात्याने कप खाली ठेवला आणि बोटाने ती निळी रेघ शोधली. मित्रांनो, चूक कळली का तुम्हाला? छाटणीवाल्यासाठी गाव म्हणजे जिथे पोतं उघडतं ती जागा. ज्या वस्तीला टपाल कचेरी नाही, ती त्याच्या लेखी शहराच्या कप्प्यात. बत्तीस वर्षं तात्याने माणसं टाचली नव्हती, कप्पे टाचले होते. दुसऱ्या कोणी ही चूक केली नसती. त्याचं काम त्याला इतकं चोख येत होतं, म्हणूनच ती झाली.

मग सहा महिने बापलेकींनी ती निस्तरली. तिने विचारून यायचं, त्याने टाचणी हलवायची. शहरं रिकामी होत गेली. किल्ल्यापाशी शेवटी एकही टाचणी उरली नाही. आणि त्या केसाएवढ्या निळ्या रेघेवर, मुखापासून शेपटापर्यंत, एकामागून एक टाचण्या उभ्या राहिल्या. शेवटच्या टोकाला सात नव्याच. त्या सात घरांना कधी पत्रच आलं नव्हतं, म्हणून तात्याला ती ठाऊकच नव्हती. एकावन्न आणि सात, अठ्ठावन्न.

तात्या कालवा कचेरीत गेला. तिथल्या अडगळीच्या खोलीत त्याला कालवा खणतानाची हजेरीची वही सापडली. एका टोळीत त्रेसष्ट माणसं. कुठून कुठून आलेली, एकमेकांची कोणी नव्हेत. कारकुनाला प्रत्येकाचं नावगाव विचारण्याचा कंटाळा. त्याने त्या टोळीच्या हातात जे अवजार होतं त्याचं नाव सगळ्यांपुढे लिहून टाकलं. झालं आडनाव. काम संपलं, तशी माणसं जिथे फावडं थांबलं तिथेच काठाला राहिली.

घरी येऊन तात्या माझ्यापुढे बसला. लेकीला म्हणाला, "कोणी किल्लेदार नाही गं. आपण एकमेकांचे रक्ताचेही नाही. एका रांगेत उभे होतो, बस."

"मग वाईट काय त्यात?"

"वाईट काही नाही. मेळाव्याला आठ दिवस राहिलेत, एवढंच."

दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष आले. मला बघून त्यांचा चेहरा उतरला आणि लगेच चढला.

"तात्या, हे काय मांडलंय? ग्रंथ छापायला गेलाय. वर किल्ल्याचं चित्र आहे."

"चूक होती ती. माझीच."

"चूक नव्हती, तुमची पुण्याई होती ती! आता म्हातारपणी चिखल उकरताय? माझ्या मुलीच्या सासरी मी काय सांगू, आम्ही माती वाहणारे? टाचण्या होत्या तिथे लावा. भोकं आहेतच की तयार."

"आणि ही सात?"

"कोणती सात? त्यांना कोणी ओळखतं का?"

लेक घरी नव्हती. तात्या भांडला असता, तर मी तुम्हाला आनंदाने सांगितलं असतं. तो भांडला नाही. बत्तीस वर्षांची चूक, सहा महिन्यांची पायपीट, आणि वर हा माणूस दारात. "दमलो हो मी," एवढं म्हणाला आणि एकावन्न टाचण्या एकेक करून जुन्या भोकांत बसवल्या. उरलेल्या सात काडेपेटीत टाकून खिशात ठेवल्या. लेक घरी आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. त्या रात्री ती आपलं ताट घेऊन ओसरीवर जेवली.

मेळाव्याला मोठं सभागृह, खुर्च्यांच्या रांगा, आणि व्यासपीठावर टेबलाशेजारी मी. दारावर यादी घेऊन एक जण बसला होता. यादी माझ्याच टाचण्यांवरून केलेली. अध्यक्षांचं भाषण किल्ल्याच्या तिसऱ्या बुरुजापर्यंत पोचलं होतं, तेवढ्यात दारात आवाज चढला.

"यादीत नाव नाही बाई तुमचं."

"नाही कसं? ती मीटरवाली ताई स्वतः सांगून गेली, तुमची टाचणी लावलीय म्हणून. नीट बघा की!"

कालव्याच्या शेपटाला पंपघर आहे, तिथली पंप चालवणारी बाई. तिच्या हाताला धरून तिचा म्हातारा बाप. हयातभर कालव्याच्या बांधावरून चालत पाहणी केलेला माणूस, आता डोळे पूर्ण गेलेला. तो म्हणत होता, "जाऊ दे गं. एवढी टाचणी कुठेय ते दाखवा म्हणावं, हात लावतो आणि जाऊ."

मी व्यासपीठावर उंचावर होतो, म्हणून मला खाली बसलेल्या तात्याचा चेहरा दिसला. तो उठला, दारापर्यंत गेला आणि म्हाताऱ्याला हाताने धरून वर घेऊन आला.

"तात्या, नंतर," अध्यक्ष दात आवळून म्हणाले.

"नंतर कधी? माझं वय बघा."

तात्याने मला खुंटीवरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि टाचण्या उपटायला लागला. मित्रांनो, एकावन्न टाचण्या काढायला वेळ लागतो. सगळं सभागृह बघत होतं. कोणी हसलं, कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. अध्यक्ष माइकवर चहाची घोषणा करत होते. एकही माणूस चहाला उठला नाही. शेवटची टाचणी निघाली आणि तात्याने मला पालथा घातला.

माझ्या पाठीवर काय असणार? ना शहर, ना सडक, ना किल्ला. कोरा पुठ्ठा, आणि टाचण्या जिथून जिथून आरपार गेल्या तिथे वर आलेले बारीक उंचवटे. तात्याने म्हाताऱ्याचं बोट धरून एका टोकाला ठेवलं. "हे तुमचं घर. गेल्या आठवड्यापर्यंत टाचणी होती. मी काढली."

म्हाताऱ्याचं बोट चालू लागलं. एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर. थांबलं.

"इथे तर पाणी डावीकडे वळतं. हे उलटं का?"

"पाठ आहे ती नकाशाची."

"हां, मग बरोबर." बोट पुढे सरकलं. "हा मोडका दरवाजा. ही गळती. इथे माझा भाऊ राहायचा..." आणि मग मोठ्याने, पंपाच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या आवाजात, "अगं, हा कालवा आहे! सगळा कालवा आहे हा!"

बोट भरकटून एका जागी अडखळलं. दाट, खरबरीत गोळा. "आणि हे गाठोडं कसलं?"

"ती माझी चूक," तात्या म्हणाला. "तिलाच हे लोक किल्ला म्हणतात."

मग मागच्या रांगेतून एक जण उठला, म्हणाला, "आमचं बघा बरं कुठेय?" आणि आपलं बोट पुढे केलं. त्याच्यामागे एक बाई. तिच्यामागे आणखी तिघं. तेवढेच. बाकीचे चहाला गेले.

तुम्हाला वाटेल, यानंतर सत्याचा विजय झाला. कसला विजय? ग्रंथ निघाला, वर किल्ला आहे, आत घोडेस्वारही आहेत. अध्यक्षांच्या नातवंडांना तो शाळेत बक्षीस म्हणून मिळतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण वाळा बघतो कोण? माझी दोन पानं त्यातून गाळली.

मी आता पंपघराच्या भिंतीवर आहे. तात्यानेच दिलं मला तिथे, लेकीच्या हाताने. काडेपेटीतल्या सात आणि बाकीच्या एकावन्न, सगळ्या आपापल्या घरी लावून, आणि बोटाला लागू नयेत म्हणून पाठीमागची टोकं कापून. इथे ओल आहे. माझा खालचा कोपरा फुगलाय, निळी रेघ पुसट होत चाललीय, आणि पंप दिवसभर माझी हाडं खिळखिळी करतो. तात्या मध्येमध्ये येऊन बसायचा. गेल्या थंडीपासून आला नाही. लेक मीटर वाचायला येते तेव्हा माझ्यावरची धूळ पुसते, आणि का आला नाही ते मी विचारत नाही.

म्हातारा मात्र रोज दुपारी भिंत चाचपत येतो. मला खिळ्यावरून काढून मांडीवर पालथा घेतो आणि कालव्याच्या टोकापासून टोकापर्यंत बोटाने फिरून येतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या घरी जुना कागद असेल तर ओलीत ठेवू नका. आणि कोणी छाती फुगवून आपलं मूळ दाखवायला लागला, तर त्याचा नकाशा उलटा करून पाठीवरून बोट फिरवा. टाचणी कोणालाही काढता येते. भोक बुजवायला अजून कोणाला जमलेलं नाही.

आता पंप सुरू होईल. मला जरा घट्ट टांगा.