सगळ्यात खालचं मॉडेल

गाडी दारात येऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच पहिला धक्का बसला. काच खाली करायला बटणच नव्हतं. दाराला हँडल होतं, गोल गोल फिरवायचं.

"अहो, हे काय?" बायको म्हणाली. "नवी कोरी गाडी आणि काचेला हँडल?"

"सगळ्यात खालचं मॉडेल आहे. आणि हँडल बिघडत नाही."

मनातून मीही हबकलो होतो, पण कबूल कोण करणार? मॉडेल मीच निवडलं होतं. वरच्या मॉडेलांत भलामोठा स्क्रीन, चामड्याच्या सीटा, छतातून आभाळ बघायची सोय. आम्हाला यातलं काहीएक नको होतं. आम्हाला फक्त वर जायचं होतं.

वर म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या हवामान चौकीत. माझ्या बाबांनी तिथे एकतीस वर्षं वाऱ्याची दिशा आणि वेग टिपला. ते निवृत्त झाले, मग चौकी बंद पडली, मग रस्ता दरडीखाली गेला. साधी गाडी आता अर्ध्यावरही पोचत नाही. बाबांचा डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे दाखवायचं ते लवकर दाखवून घ्या." बाबांना विचारलं तर त्यांचं एकच मागणं. "चौकी बघायची आहे एकदा." म्हणून ही दगडधोंड्यांतून जाणारी गाडी घेतली.

मी रुग्णालयाच्या भांडारात माल तपासून घेतो. यादीपेक्षा एक सुई कमी निघाली तरी माझी सही मिळत नाही. शोरूममध्येही मी विक्रेत्या बाईंचा तासभर जीव खाल्ला. जॅक, पाना, जादा चाक, दोन्ही किल्ल्या, एकेक वस्तू हातात घेऊन बघितली आणि मगच सही केली.

पुढचा आठवडा धक्के खाण्यात गेला. मागे कॅमेरा नाही, म्हणून बायको मागे उभी राहून "या, या, या... अहो थांबा!" करायची. एक दार किल्लीने उघडलं की बाकीची तीन वाकून आतून उघडायची. खाली गालिचा नाही, नुसतं रबर, आणि त्याचा वास नाकात बसलेला. गाणी ऐकायचं यंत्र लावायच्या जागी चौकोनी भोक. आणि समोर, गिअरजवळ, जिकडेतिकडे काळी मुकी बटणं. दाबली तर दबत नाहीत, कारण ती नुसती झाकणं. बायकोने मोजली, अकरा भरली. "एवढ्या नसलेल्या वस्तू एका ठिकाणी मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. शेजारचे काका मात्र रोज फाटकाशी येऊन म्हणायचे, "रणगाडा आहे हो, रणगाडा!" मी छाती फुगवायचो.

बाबांनी पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट, आरसा, मागचं चाक, सगळ्यावरून सावकाश हात फिरवला. "भक्कम आहे," म्हणाले. बाप शेवटी माझाच, तपासल्याशिवाय बोलायचा नाही, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी निघालो. डांबरी रस्ता संपला, खडी लागली, दरडीचे दगडही गाडीने हां हां म्हणता पार केले. मी मुकी बटणं, हँडल, सगळं माफ करून टाकलं. मग शेवटची चढण आली आणि गाडी थांबली. मी गॅस दिला. मागून खडे उडाले, रबर जळल्याचा वास आला, आणि गाडी वर जायची सोडून हातभर खाली घसरली.

बायको उतरून बघायला गेली. "अहो, पुढची चाकं फिरतच नाहीयेत."

"असं कसं होईल?"

"मग तुम्हीच या बघायला."

मी शोरूमला फोन लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, खालच्या मॉडेलला टू-व्हील ड्राइव्हच येतो, जोर फक्त मागच्या चाकांना. फोर बाय फोर वरच्या दोन मॉडेलांत असतो."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. तुम्ही पान्याचं विचारत होतात."

मी फोन ठेवला. गिअरच्या बाजूचं, फोर बाय फोरच्या दांड्याच्या जागचं ते सगळ्यात मोठं झाकण मी आठ दिवस बघत होतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ज्या एका गोष्टीसाठी गाडी घेतली तेवढीच तिच्यात नव्हती. मला माझीच इतकी लाज वाटली की मी चाकाला लाथ मारली, आणि अंगठा धरून बसलो.

"जाऊ दे हो," बायको म्हणाली आणि तिने बाबांना हात देऊन खाली घेतलं. "बाबा, इथूनही दिसतेय बघा. ती काय चौकी, समोरच."

दिसत होती. चार भिंती उभ्या होत्या. छप्पर पार उडालेलं, खिडकीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांचं तोंड दरीकडे होतं.

"हो, दिसली," ते हसून म्हणाले. "छप्पर अजून कसं धडधाकट आहे बघ."

बायकोने माझं मनगट घट्ट धरलं. तिलाही कळलं होतं. त्या क्षणी मला गाडी, शोरूम, कशाचाही राग आला नाही. रोज सकाळी त्या डोळ्यात औषध मी घालत होतो, आणि मला पत्ता नव्हता.

"बाबा," मी म्हणालो, "वर चालत जाऊ. तीनशे पावलं असतील."

"तीनशे चाळीस," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उजवीकडून चल, इथे निसटतं," असं मागून सांगत राहिले. दोनदा मीच घसरलो आणि त्यांनी मला सावरलं. बायको पाण्याची बाटली घेऊन मागून येत होती.

भिंतीशी पोचल्यावर बाबांनी दगडावर हात टेकला. मग दाराच्या बाजूने चाचपडत हात वर नेला, जिथे वळचण असायला हवी होती तिथवर. हात अधांतरी राहिला. त्यांनी थोडा पुढे नेला, मागे नेला.

"छप्पर कुठे गेलं?"

"नाहीये, बाबा."

त्यांचा चेहरा उतरला. हात खाली आला, पण भिंत सोडेना.

"म्हणजे मला दिसत नाही हे तुला खालीच कळलं."

"हो."

"मग कशाला आणलंस रे इथवर?"

त्यांनी मान वळवली, तीही मी नव्हतो त्या बाजूला. मी सरकून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुम्हाला यायचं होतं ना, बाबा."