जुळ्या हार्डडिस्क

बाबांचा आवाज जाणार हे आम्हाला सतरा दिवस आधी कळलं. घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि स्वरयंत्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग रोज सकाळी मी त्यांना रेकॉर्डरसमोर बसवलं आणि बोलतं केलं. फार मोठं काही नाही. ‘जेवलीस का’, ‘दार ओढून घे’, ‘किती बडबडतेस’. मधेच माझ्यावर वैतागले, तेही ठेवलं. एकूण दोनशे बारा फायली झाल्या.

त्या सांभाळायला घरात छोटा सर्व्हर ठेवायचं मी ठरवलं. सर्व्हर म्हणजे दोन हार्डडिस्क बसतील असा डबा. दोन्हींवर तेच लिहिलं जातं, एक गेली तरी दुसरी असते. मी प्रयोगशाळेच्या भांडारात काम करते, पारखल्याशिवाय काही घ्यायचं नाही ही तिथली खोड. महिनाभर नुसत्या डिस्क निवडत होते. दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेल्याच हव्या होत्या. शिवाय दोन्ही एकाच खेपेतल्या नकोत, कारण बरोबर जन्मलेल्या बरोबरच आजारी पडायच्या. म्हणून एक जवळच्या दुकानातून घेतली आणि दुसरी शहराच्या पार पलीकडच्या टोकाहून. दादा हसला. लोक जावईसुद्धा इतका पारखून घेत नाहीत, म्हणाला.

दादा माझा थोरला भाऊ, एका कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतो. डबा मीच जुळवून आणतो, दोन दिवस तपासून देतो, असं त्याने आपणहून सांगितलं. मी डिस्क खोक्यांसकट त्याच्या हाती दिल्या. आणून दिल्यावर त्याने एकच बजावलं, डबा उघडायचा नाही, धूळ जाते. मी नाही उघडला. रेकॉर्डर भांडारातून मागून आणलेला होता, तर फायली सर्व्हरवर चढवल्या आणि त्याचं कार्ड पुसून परत केलं. आहेत की दोन प्रती! एवढी मी शहाणी.

अकराव्या महिन्यात डब्यावर लाल दिवा लागला. एक डिस्क गेली होती. मी नवी आणली, आणि दुसरीवरून तिच्यावर फायली उतरायला लागल्या तशी ती दुसरीही अडखळायला लागली. चौतीस फायली धड निघाल्या. बाकीच्यांत नुसती खरखर.

मेलेल्या डिस्क बाहेर काढून मी टेबलावर ठेवल्या. भांडारात आलेल्या प्रत्येक वस्तूचा नंबर आम्ही वहीत उतरवतो, आणि घरच्या वस्तूंचाही उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. वही काढली. एकही नंबर जुळेना. दोन दुकानांतून आणलेल्या माझ्या डिस्क, आणि या दोघींचे नंबर तर एकापुढे एक होते, सख्ख्या जुळ्या. डिस्क किती तास चालली याची नोंद ती स्वतःच ठेवते. एकोणचाळीस हजार तास. माझ्या घरी त्यातले आठ हजारही झाले नव्हते.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. दादाच्या घरी गेले. तो नाही म्हणाला नाही, एवढं त्याचं कौतुक. त्याच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्यांच्या यंत्रातून काढलेल्या डिस्क होत्या, तपासल्या तेव्हा चांगल्या होत्या. माझ्या नव्या त्याने स्वतःच्या सर्व्हरला लावल्या, कारण मुलांचे फोटो आणि व्हिडिओ मावेनासे झाले होते.

“तुझे होते किती, थोडेसे आवाज,” तो म्हणाला. “आणि मी काही चोरून केलं नाही. बाबांना सांगितलं होतं.”

तिथून मी घरी कशी आले ते आठवत नाही. संताप दादाचा होता तोवर बरा होता, निदान कुठे ठेवायचा ते कळत होतं.

बाबा खिडकीपाशी बसले होते. मांडीवर त्यांची पांढरी पाटी, ऑपरेशनपासून तिच्यावर पेनाने लिहूनच बोलतात. माहीत होतं का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. होतं. मग मला का नाही सांगितलं? त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, शाळेत शिकवताना फळ्यावर लिहायचे तसंच सुवाच्य:

‘त्याचं अडलं होतं. तुझं कधी काही अडत नाही.’

लहानपणापासून हेच ऐकत आले होते, फक्त तेव्हा मला ती शाबासकी वाटायची.

“माझं एवढंच अडलं होतं, बाबा,” मी म्हणाले. “तुमचा आवाज.”

त्यांचे डोळे भरले. फडकं घेऊन ते पाटी पुसायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला.

“पुसू नका,” मी म्हणाले. “माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते निदान एका जागी लिहिलेलं राहू दे.”