तीन तास कमी

"बाई, तुम्ही वर्गात होतात हे मला पटतंय हो. पण मशीनला पटत नाहीये ना," परवाना कार्यालयातला कारकून फोनवर म्हणाला. त्याच्या आवाजात आडमुठेपणा नव्हता, हीच पंचाईत होती. भांडावं तरी कुणाशी?

घरं विकून देण्याचा परवाना चालू ठेवायचा तर दर दोन वर्षांनी चोवीस तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागे. एकवीस वर्षांत तिने ते एकदाही चुकवलं नव्हतं. यंदा वर्ग घरबसल्या, संगणकावर. दर दहा मिनिटांनी पडद्यावर चौकोन यायचा, तो दाबून हजेरी द्यायची. शेवटच्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची चादर बदलायला ती उठली आणि तेवढ्यात तीन चौकोन येऊन गेले. त्या सत्राचे तीनही तास बुडाले. आज सकाळी यादीत तिच्या नावापुढे 'निष्क्रिय' असं आलं होतं.

"मग पुढचा वर्ग कधी?"

"महिन्याने. तोवर घर दाखवायचं नाही, किमतीबद्दल बोलायचं नाही. कुणी तक्रार केली तर परवाना कायमचा जाईल. जपा, बाई."

अकरा वाजता, पाच महिन्यांपासून तिच्याकडे विक्रीला असलेलं काकूंचं घर दाखवायचं होतं. काकू एकट्या राहत. घर विकून मुलीकडे जायचं ठरल्यापासून त्यांनी हिच्याशिवाय एकाही एजंटला दारात उभं केलं नव्हतं. शेवटी ती ऑफिसातल्या दुसऱ्या एजंटला घेऊन गेली. वाटेत त्याला घराची सगळी माहिती दिली. तो मान डोलावत फोन बघत होता.

घर बघायला एक जोडपं आलं. एजंटने भराभर खोल्या दाखवल्या. "मागची खोली अंधारी आहे, पण ट्यूब लावली की झालं."

खोली अंधारी नव्हती, खिडकी लावलेली होती.

"अगं, तू सांग ना त्यांना," काकू म्हणाल्या. "छत मागच्याच वर्षी नवं केलंय, ते सांग. तुला तर सगळं पाठ आहे."

"हे सांगतील, काकू. मला आज बोलता येत नाही."

"घसा बसलाय का?"

तिने नुसती होकारार्थी मान हलवली. खरं काय ते कुठून सुरू करून सांगणार?

जोडप्याने भाव सांगितला. तो फारच कमी होता, पण दुसरा एजंट म्हणाला, "आजच्या बाजारात वाईट नाही हं."

काकूंनी वळून तिच्याकडे पाहिलं. पाच महिने त्या असंच बघत आल्या होत्या आणि दर वेळी ती एका शब्दात हो की नाही ते सांगून मोकळी होत असे. आता ती भिंतीकडे बघत राहिली.

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्या एजंटकडे वळल्या. "पुढे काय करायचं, साहेब?"

त्याने बॅगेतून कागद काढले. ते पसरायला जागा हवी म्हणून काकूंनी टेबलावरची तिची पर्स उचलली आणि तिच्या हातात दिली.