बंद करायच्या आधी

पंजाबरावांच्या गाडीला अख्खी गल्ली कासव म्हणायची. दिसायला तशीच, पाठ फुगलेली जुनी बीटल. तिचं इंजिन मागच्या बाजूला, आणि त्याला ना रेडिएटर ना पाणी. नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं. मे महिन्यात जिथं माणसं चक्कर येऊन पडतात त्या अमरावतीत बिनपाण्याची गाडी टिकते कशी, हे कुणाला पटायचं नाही. पंजाबराव म्हणायचे, वऱ्हाडाले अशीच पायजे, पानी मागत नाही.

ते धरणाच्या कामावर बुलडोझर चालवायचे. निवृत्त होणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ही गाडी भंगाराच्या अवस्थेत घेतली आणि हातानं उभी केली. खोट एकच, दम कमी. चिखलदऱ्याच्या घाटात दोनदा थांबायचीच. हिला टर्बो लावायचा, असं ते वर्षानुवर्षं म्हणत राहिले. कॅलेंडरच्या पाठीमागं त्याचं चित्रसुद्धा काढून ठेवलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरगर फिरणारं चाक. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं, इंजिनाला जास्तीचा श्वास मिळतो. पण चित्र चित्रच राहिलं, कारण आधी पंजाबरावांचाच श्वास कमी पडला. फुफ्फुसं गेली होती. शेवटचे चार महिने घरात ऑक्सिजनचं मशीन आणि नाकाला नळी.

तीन वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी त्यांनी मुलाला, सुगतला, हाताला धरून म्हटलं, "थांब जराक." सुगतचं बडनेरा रोडला गॅरेज, गिऱ्हाईक खोळंबलेलं. आलोच पाच मिनिटांत, म्हणून त्यानं हात सोडवला आणि कासव काढून गेला. परत आला तेव्हा मशीन चालू होतं आणि बाप गेला होता.

ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. आईला नाही, बायकोला नाही. माणूस सांगत नाही ते मग दुसऱ्या वाटेनं बाहेर पडतं. सुगतनं ते कॅलेंडर शोधून काढलं आणि गेल्या दिवाळीनंतर टर्बोचं काम हाती घेतलं. भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो, नवे नळ, तेल थंड करायला वेगळी जाळी. दोन महिने घाम गाळला. बापाला श्वास देता आला नाही, निदान त्याच्या इंजिनाला तरी देऊ, हे त्याच्या मनात होतं आणि ते त्याला पुरतं ठाऊकही होतं.

गाडी चालली, आणि काय चालली! नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर तिनं जीपला मागं टाकलं. पण साठच्या वर गेलं की मागून एक आवाज यायचा, बारीक शीळ घालत ओढलेला श्वास. तेवढं सुगतनं सोसलं असतं. न सोसणारं होतं ते किल्ली फिरवल्यावर. इंजिन गप्प व्हायचं, पण ते चाक काही क्षण एकटंच फिरत राहायचं आणि आवाज उतरत उतरत जायचा. अगदी शेवटचा श्वास जातो तसा. चोराच्या मनात चांदणं म्हणा हवं तर, पण सुगतच्या मानेवर काटा यायचा. तो गाडी थांबली की तत्क्षणी किल्ली फिरवायचा, दार आपटायचा आणि तो आवाज संपायच्या आत लांब निघून जायचा. रोज बाप मरायचा आणि रोज हा पळायचा.

होळीनंतर गाडी निळा धूर टाकायला लागली. अकोल्याला धर्मेंद्र नावाचा टर्बोचा माहीतगार माणूस होता, कधीकाळी धरणावर पंजाबरावांच्याच हाताखाली ग्रीसिंग करणारा. सुगत त्याच्याकडं निघाला तर आई, मनकर्णाबाई, म्हणाली मीही येते, लीलाबाईला भेटून होईल. लीलाबाई तिची बहीण. नवरा गेल्यापासून आई या गाडीत एकदाही बसली नव्हती. सुगतला नाही म्हणता आलं नाही.

मूर्तिजापूरपर्यंत रस्त्यावर गर्दी होती. पुढं रस्ता मोकळा झाला, सुगतनं पाय दाबला आणि मागून श्वास सुरू झाला. म्हातारीनं पदर तोंडाला लावला, पण वळून पाहिलं नाही. धर्मेंद्रच्या दुकानापुढं सुगतनं नेहमीसारखी किल्ली फिरवली आणि उडी मारून उतरला. आत ती एकटी बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. दार उघडायला तिला बराच वेळ लागला.

धर्मेंद्रनं टर्बो खोलला. मधला दांडा काळाकुट्ट, कोळशाचे पापुद्रे सुटलेले. त्यानं तो सुगतच्या तळहातावर ठेवला.

"गाडी पयवून आनतं अन् लगेच बंद करतं काय तू? चाक लाल झालेलं असते बापा. इंजिन बंद, की तेल जागच्या जागी जयते. थोडं चालू ठेवा लागते. तुया बाबानंच शिकवलं मले हे."

मग त्यानं सांगितलं. बुलडोझरला टर्बो होता. साहेबाचा हुकूम होता, बंद करायच्या आधी तीन मिनिटं मशीन नुसतं चालू ठेवायचं. घड्याळ कुणाकडं? पंजाबरावांनी एकदा साहेबाच्या घड्याळावर त्रिसरण आणि पंचशील सावकाश म्हणून पाहिलं, तीन मिनिटांत बरोबर बसलं. मग रोज तेच. मातीत माखलेला माणूस सीटवर डोळे मिटून बसायचा आणि खाली मशीन गुरगुरत राहायचं.

सुगतला सगळं आठवलं. कासवाची किल्ली काढायच्या आधीही बाबा तेच करायचे. तिला टर्बो नव्हता, गरजही नव्हती, पण हाताला लागलेलं वळण सुटत नाही. गल्लीतली माणसं विचारायची, पंजाबराव, गाडीले दीक्षा देता काय? ते हसायचे. आणि सुगतही चिडवायचा की इंजिनाला कसलं आलंय शील. त्याला ती बापाची भाविकता वाटायची. गाडी हातात आल्यावर त्यानं पहिल्यांदा तीच सवय सोडली.

मनकर्णाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर लीलाबाईकडं जायचं नाही म्हणाली. धर्मेंद्रनं दुसरा दांडा बसवला, तेल बदललं, आणि दुपार कलताना ती दोघं परत निघाली.

अमरावतीला घरापुढं गाडी थांबली. सुगतचा हात सवयीनं किल्लीवर गेला, आणि आईनं त्याचं मनगट धरलं. तिनं डोळे मिटले आणि त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, नवऱ्याच्याच संथ चालीत. सुगतचे ओठ हलेनात. मग हलले. पंचशीलाचं पाचवं शील झालं, तिनं हात सोडला, आणि सुगतच्या तोंडून तीन वर्षांचं साठलेलं निघून गेलं.

"माय, त्या दिवशी बाबानं मले थांब म्हनलं होतं. मी थांबलो नाही."

"मले माहीत हाये. मी दारातच होती."

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती.

"तू गेला. गाडी चौकात जाऊस्तोर ते कान लावून पडले होते. मंग मले म्हने, पोट्टा गाडी एकदम बंद करते, तसं करू नको म्हना. सांगजो त्याले. बस, तेवढंच बोलले. पुन्हा बोलले नाही."

काहून नाही सांगितलं, सुगतनं विचारलं.

"राग आला मले. पंचेचाळीस वर्षं संसार केला, अन् मरताना तोंडात गाडी. माह्यासाठी एक शब्द नाही. म्हनून नाही सांगितलं." तिचा आवाज फुटला. "आज सकाळी तू उतरून गेला अन् मी आत बसून त्यायले पुन्हा मरताना ऐकलं. तवा कयलं, मी काय दाबून ठेवलं ते."

मागं इंजिन मंद गुरगुरत होतं. श्वास आता उतरला होता, नीट कान दिला तरच ऐकू येईल इतका. आता किल्ली फिरवली असती तर काही झालं नसतं. चाक थंड होतं, तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. सुगतनं किल्लीकडं पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. शेजारच्या दारातून कुणी तरी विचारलं, गाडी बिघडली का. सुगतनं काच वर केली.

मनकर्णाबाईनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली.