जेमाच्या छपरावरचे पतंग

"बघा, मेलेल्या किड्यांचे जीव परत आले! जिने खाल्ले तिच्याच दारी आले!" मांत्रिक देवाँ गरजला आणि सगळं गाव जेमा कुईच्या अंगणात घुसलं.

दिवेलागणीची वेळ. छपराभोवती तळहाताएवढे विटकरी पतंग घिरट्या घालत होते. त्या पावसाळ्यात ऐनाच्या रानातले आमचे टसर रेशमाचे किडे काळे पडून, उलटे लटकून मेले होते. कोष कसे ते लागलेच नाहीत. डाकीण कोण ते जीवच दाखवतील, असं त्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं.

जेमा विधवा, पण तिच्या वाट्याची झाडं गावात सगळ्यांत भरदार. पुतण्या बिरसिंगने तिला केसांना धरून फरपटत बाहेर आणलं. पहिला दगड त्याचाच. दुसऱ्या दगडाने तिचा डावा डोळा फुटला.

मी इथल्या शाळेत शिकवते. तिच्या अंगावर आडवी पडले, तर काठी माझ्या पाठीत बसली.

"सरक मास्तरीण, नाहीतर तुलाही तुडवू!"

"तुडवा! पण आधी वर बघा. झाडून सगळे विटकरी, म्हणजे नर! किड्यांत माद्या मेल्याच नव्हत्या की काय?"

हात थबकले. मी वळचणीत चाचपलं. काडीला दोऱ्याने बांधलेली, टपोऱ्या पोटाची मादी हाती लागली.

"कोषातून निघालेली मादी काही खात नाही. बसल्या जागी वास सोडते, नर लांबून धावत येतात. बीजाच्या अंड्यांसाठी तुम्हीच ना माद्या बांधता? मग आज अक्कल कुठे बांधून आलात?"

ती काडी मी देवाँच्या पागोट्यात खोचली. हळूहळू छपरावरचे पतंग त्याच्या डोक्यावर फडफडू लागले.

"हाच डाकीण झाला की!" एक म्हातारी खिदळली.

"मादी बांधायला मला बिरसिंगने सांगितलं! त्याला झाडं हवी होती!" देवाँ किंचाळला.

तेच दगड आता त्या दोघांवर उगारले गेले. मी पुन्हा आडवी आले. "यांना पोलीस नेतील. दगड टाका आणि जेमाला न्यायला खाट आणा!"

जेमा जगली; डोळा गेला. किडे मेले ते साथीने. रोगट मादीची अंडी ठेवली की रोग पिलांत उतरतो. मी गावाला सांगितलं, पुढच्या वेळी अंडी तपासून घ्या. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर दगड शोधण्याआधी वळचणीत हात घालून बघा.